कोर्लईची 'नॉ लिंग' : एका अल्पसंख्य भाषेच्या टिकण्याचा आणि क्षीण होण्याचा इतिहास

बीजशब्द : कोर्लई, चौल, क्रिओल भाषा, पोर्तुगीज सत्ता, भाषिक अल्पसंख्याक, भाषाऱ्हास

प्रस्तावना :

भाषा हे केवळ विचारविनिमयाचे साधन नसून ती एखाद्या समाजाच्या इतिहासाची साक्षीदार असते. ज्या समाजाने आपला इतिहास लिहून ठेवलेला नाही, त्याच्या बाबतीत तर बोली हीच त्याची बखर ठरते. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ कोर्लई हे गाव आहे. या गावातील ख्रिस्ती समाज जी भाषा बोलतो तिला तो 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' असे म्हणतो. येथील 'लिंग' हा शब्द पोर्तुगीज 'लिंग्वा' या शब्दापासून आलेला असून मराठीतील त्याच उच्चाराच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. पोर्तुगीज शब्दसंपत्ती आणि मराठी वळणाची वाक्यरचना यांच्या संयोगातून सोळाव्या-सतराव्या शतकांत घडलेली ही भाषा आज साधारण हजाराच्या आसपास लोक बोलतात.

अल्पसंख्य भाषांच्या ऱ्हासाची चर्चा करताना परकीय आक्रमण, सत्तांतर किंवा दडपशाही ही कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. कोर्लईचा इतिहास मात्र याहून वेगळा आहे. ज्या सत्तेबरोबर ही भाषा आली ती सत्ता १७४० मध्ये येथून गेली. भाषा मात्र गेली नाही. उलट सत्तेच्या निर्गमनानंतर दोन शतकांहून अधिक काळ ती टिकली आणि तिच्यासमोरील खरा धोका स्वातंत्र्योत्तर काळात, म्हणजे शिक्षण, दळणवळण आणि रोजगार गावापर्यंत पोहोचू लागल्यावर निर्माण झाला. हा विरोधाभास समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) कोर्लईच्या क्रिओल भाषेच्या उदयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) पोर्तुगीज सत्तेच्या अस्तानंतरही ही भाषा टिकून राहण्याची कारणे शोधणे.
३) स्वातंत्र्योत्तर काळात तिच्यावर झालेल्या परिणामांचा आढावा घेणे.
४) अशा भाषेच्या जतनासंबंधीच्या भूमिकांची चिकित्सा करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

कोर्लईची भाषा ज्या सामाजिक अलगतेमुळे टिकली, त्याच अलगतेचा अंत हे तिच्या ऱ्हासाचे मुख्य कारण आहे, हे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून राजकीय इतिहास, चर्चव्यवस्थेचा इतिहास आणि भाषाशास्त्रीय संशोधन यांचा आधार घेतला आहे.

चौल बंदर आणि पोर्तुगीज सत्ता :

कोर्लईचा इतिहास चौलपासून वेगळा काढता येत नाही. चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिशय प्राचीन बंदर होय. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख येतो. दहाव्या शतकात अल् मसूदी या अरब प्रवाशाने आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने या बंदराला भेट दिली होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी चौल निजामशाहीच्या अंमलाखाली होते. १५०८ मध्ये चौलजवळ झालेल्या नाविक युद्धात पोर्तुगीजांचा इजिप्तच्या आरमाराकडून पराभव झाला आणि व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. तथापि पोर्तुगीजांनी माघार घेतली नाही. १५१६ मध्ये त्यांनी येथे वखार घातली आणि १५२१ च्या सुमारास निजामशहाच्या संमतीने रेवदंडा येथे किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला.

१५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. तो अयशस्वी ठरून तह झाला. त्यानंतर खाडीच्या दक्षिणेकडील कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने तटबंदी उभारण्यास सुरुवात केली. या डोंगरावरून रेवदंड्याचे बंदर तोफांच्या माऱ्यात येत असल्याने पोर्तुगीजांच्या दृष्टीने ही बाब गंभीर होती. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून कोर्लई ताब्यात घेतली. 'मोर्रो' या नावाने पोर्तुगीज कागदपत्रांत उल्लेखिलेला हा किल्ला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे त्यांच्याकडे राहिला. किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती ही या लष्करी ठाण्याच्या आश्रयाने वाढली.

क्रिओल भाषेचा उदय :

दोन भिन्नभाषक समाज दीर्घकाळ एकत्र आले आणि त्यांच्यातील सत्तेचे संबंध विषम असले, की प्रथम कामापुरती एक तुटपुंजी संपर्कभाषा निर्माण होते. या भाषेच्या वातावरणात वाढणारी मुले तिलाच आपली मातृभाषा म्हणून आत्मसात करू लागली, की ती पूर्ण भाषेचे रूप धारण करते. अशा भाषेस भाषाशास्त्रात 'क्रिओल' असे म्हणतात. क्रिओल म्हणजे मूळ भाषेचे अशुद्ध रूप नव्हे. तिला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण असते, ही बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

चौल परिसरात अशी परिस्थिती सोळाव्या शतकातच निर्माण झाली. पोर्तुगीज सैनिक, त्यांच्याशी विवाह केलेल्या स्थानिक स्त्रिया, घरकामासाठी ठेवलेले गुलाम, तसेच धर्मांतरित स्थानिक कष्टकरी यांचा मिळून एक मिश्र समाज तयार झाला. पोर्तुगीज सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करून स्थायिक व्हावे, या धोरणास गोव्यात अफोन्सो द अल्बुकर्क याने उत्तेजन दिले होते. या समाजातील बहुसंख्यांना औपचारिक पोर्तुगीज शिकण्याची संधी नव्हती. ती त्यांनी ऐकून उचलली आणि मराठीच्या सवयीने बोलली. आजच्या 'नॉ लिंग'चे मूळ या प्रक्रियेत आहे.

अशा भाषा केवळ कोर्लईतच होत्या असे नाही. वसई हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे होते. वसई, साष्टी, मुंबई, दमण आणि दीव या सर्व भागांत पोर्तुगीज क्रिओलची स्थानिक रूपे प्रचलित होती. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय पंडिताने १९०६ मध्ये उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही बोली अभ्यासण्याइतपत अस्तित्वात होती हे दिसून येते. आज मुंबई-वसई परिसरातून ती नाहीशी झाली आहे. कोर्लई, दमण व दीव येथे मात्र ती टिकून आहे. दमण आणि दीव १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते, त्यामुळे तेथील सातत्य समजण्यासारखे आहे. कोर्लईचे काय, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

१७४० नंतर भाषा का टिकली :

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर प्रांतातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. १७४० मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या तहानुसार चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि सधन कुटुंबे निघून गेली. जाण्याची साधने नसलेला, शेती व मजुरीवर जगणारा ख्रिस्ती समाज मात्र येथेच राहिला. सत्ताधाऱ्यांची भाषा बोलणारा हा समाज स्वतः सत्ताधारी कधीच नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कोर्लईच्या भाषेचा सखोल अभ्यास करणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांचा 'द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज' हा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा टिकण्याच्या कारणांत त्यांनी या समाजाच्या सामाजिक अलगतेस महत्त्व दिले आहे. या अलगतेची तीन अंगे सांगता येतात. पहिले म्हणजे धर्म. सभोवतालचा समाज हिंदू व मुस्लिम असल्याने रोटीबेटी व्यवहार ख्रिस्ती वस्तीपुरताच मर्यादित राहिला. दुसरे म्हणजे जात. धर्मांतरितांपैकी बरेच जण निम्न मानल्या गेलेल्या स्तरांतून आले असावेत असे अनुमान आहे. धर्म बदलला तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीतील त्यांचे स्थान बदलले नाही. तिसरे म्हणजे भूगोल. उत्तरेस खाडी असल्याने रेवदंडा-चौलशी संपर्क होडीवर अवलंबून होता आणि वसई-मुंबईचा ख्रिस्ती समाज दूर होता. परिणामी या वस्तीतील मुलांची लग्ने वस्तीतच होत, घरे वस्तीतच वसत आणि घरातील भाषाही तीच राहत असे.

वसई आणि मुंबई येथील परिस्थितीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वसई परिसरातील ख्रिस्ती समाजात मराठीच्या बोली बोलणाऱ्यांची संख्या मोठी होती. मुंबई १६६१ च्या विवाहकरारानुसार इंग्रजांना देण्याचे ठरले व १६६५ मध्ये तिचा ताबा त्यांच्याकडे गेला. पुढे ते महानगर झाले; तेथे इंग्रजी हे नोकरी व प्रतिष्ठेचे साधन बनले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडियन असोसिएशनने तर आपल्या समाजाला इंग्रज कंपनीशी नाते सांगणारे नाव घेतले. थोडक्यात, जेथे समाजाला पुढे जाण्याची वाट मिळाली तेथे क्रिओल लोपली. जेथे वाट मिळाली नाही तेथे ती टिकली.

या अलगतेस चर्चचा आधार मिळाला. पोर्तुगालच्या राजास पोपकडून मिळालेल्या धर्मसंरक्षणाच्या अधिकारामुळे, म्हणजे 'पाद्रुआदो' व्यवस्थेमुळे, सत्ता गेल्यानंतरही या भागातील चर्चशी पोर्तुगीज धर्मयंत्रणेचा संबंध कायम राहिला. १९२८ च्या करारानंतरही मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश धर्मगुरू येत. ही पद्धत १९५० मध्ये संपली. कोर्लईच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत आणि पोर्तुगीज प्रार्थना कानावर पडत. त्यामुळे घरातील भाषेला वेदीवरील भाषेचे दूरचे का होईना पण पाठबळ होते.

मराठी आणि 'नॉ लिंग' : देवघेवीचे दोन प्रकार :

पोर्तुगीजांशी आलेल्या संपर्काच्या खुणा प्रमाण मराठीतही आहेत. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेले, बिजागरी, पगार, तुरुंग हे शब्द आज कोणाही मराठी भाषकास परके वाटत नाहीत. मराठीने पोर्तुगीजकडून शब्द घेतले. व्याकरण मात्र आपले ठेवले. कोर्लईत याच्या उलट घडले. तेथे शब्द बहुतांशी पोर्तुगीज राहिले, तर त्यांची मांडणी मराठीच्या वळणाने होऊ लागली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. 'नॉ लिंग'मध्ये ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस येते. पोर्तुगीज नामांचे व्याकरणिक लिंग येथे लोपले. शब्दांच्या अखेरचे आघातहीन स्वर गळाले. 'लिंग्वा'चे 'लिंग' होणे हे त्याचेच उदाहरण होय.

पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण आहेत. कोर्लईच्या भाषेने हे तीन गण राखून त्यांत 'उ'कारान्त क्रियापदांच्या चौथ्या गणाची भर घातली आणि मराठीतून घेतलेली क्रियापदे या गणात बसवली. परक्या शब्दाला आपल्या घरात स्वतंत्र खोली बांधून देणारी ही व्यवस्था भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. ज्या भाषेला मोडकी पोर्तुगीज किंवा अशुद्ध मराठी म्हणून हिणवले जाते, ती प्रत्यक्षात नियम निर्माण करण्याची क्षमता असलेली भाषा आहे, असे यावरून म्हणता येते.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोर्लईच्या अलगतेचे आधार एकेक करून ढासळले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव मुक्त झाले आणि भारतातील पोर्तुगीज सत्ता संपली. याच सुमारास भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांचा वापर करण्यास अनुमती दिली. त्यानुसार कोर्लईच्या चर्चमध्ये पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. लोकांना समजेल अशा भाषेत उपासना व्हावी हा या सुधारणेचा हेतू होता. परंतु कोर्लईच्या लोकांची भाषा ना पोर्तुगीज होती ना मराठी; तिला ना ग्रंथ होता ना प्रमाणलेखन. त्यामुळे 'लोकभाषा' म्हणून राज्याची भाषा निवडली गेली आणि वस्तीची भाषा उंबरठ्याबाहेर राहिली. मराठीतून ख्रिस्ती उपासना ही काही नवी गोष्ट नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच छापले गेले होते. कोर्लईत मात्र या बदलामुळे घरातील भाषेचा सार्वजनिक आधार तुटला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. मराठी ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा झाली. कोर्लईच्या मुलांसाठी शाळा म्हणजे मराठी शाळा होती. या शिक्षणाने त्यांना परिसरातील समाजाशी बरोबरीने बोलण्याचे सामर्थ्य दिले, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर वाचन, लेखन व विचार यांची भाषा आणि घरातील भाषा यांची फारकतही झाली. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला. होडीची वाट पाहावी लागणारे गाव रेवदंडा आणि अलिबागशी रस्त्याने जोडले गेले. त्यानंतरच्या काळात साळाव परिसरात उद्योग आला, मुंबईकडील नोकऱ्या आवाक्यात आल्या आणि किल्ला पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. लग्नसंबंध वस्तीबाहेर होऊ लागले, की घरात मराठी किंवा इंग्रजी येणे क्रमप्राप्त ठरते.

यापैकी कोणताही बदल भाषा संपवण्याच्या हेतूने झालेला नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. शाळा, पूल, नोकरी आणि समजणाऱ्या भाषेतील उपासना या सर्व गोष्टी कोर्लईच्या लोकांना हव्या होत्या आणि त्यांचा त्यावर हक्कही होता.

भाषेची नोंद आणि घटनात्मक तरतुदी :

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ नुसार स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकसमूहास ती जतन करण्याचा हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी उपलब्ध करून देण्यास सांगितले आहे. तथापि हक्क बजावण्यासाठी प्रथम भाषेची नोंद व्हावी लागते. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या मातृभाषांची आकडेवारी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली जात नाही. २०११ च्या जनगणनेत १२१ भाषांची आकडेवारी देण्यात आली. कोर्लईची भाषा या मर्यादेच्या खूपच खाली राहते. २०१३ मध्ये म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थेमार्फत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना सुरू झाली. म्हणजे जी मर्यादा जनगणनेत भाषेला अदृश्य करते, तीच येथे मदतीचा निकष ठरली. तरीही ज्या भाषेला लिपीबद्ध साहित्य व शाळेत स्थान नाही, तिच्यासाठी नोंद ही केवळ पहिली पायरी होय.

या संदर्भात मराठी समाजाच्या भूमिकेचा विचार अपरिहार्य ठरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. इंग्रजीच्या दबावामुळे मराठीच्या भवितव्याची चिंता करणारा समाज कोर्लईत स्वतः बहुसंख्याकांच्या जागी उभा आहे. मराठीसाठी जो युक्तिवाद केला जातो, तोच 'नॉ लिंग'साठीही लागू पडतो, याची जाणीव अद्याप पुरेशी झालेली दिसत नाही.

जतनाचा पेच :

युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेच्या जिवंतपणाचे नऊ निकष मांडले. त्यांत भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे संक्रमित होणे हा कळीचा निकष होय. जोशुआ फिशमन यांनीही १९९१ मधील आपल्या ग्रंथात घर आणि शेजार यांतील संक्रमणालाच मध्यवर्ती स्थान दिले. कोर्लईच्या घरांतून ही भाषा आजही ऐकू येते, ही आश्वासक बाब आहे. परंतु अल्प भाषकसंख्येच्या भाषेची अवस्था किती वेगाने पालटू शकते, हे केरळातील कोची परिसराच्या उदाहरणावरून दिसते. तेथील पोर्तुगीज क्रिओलचा अखेरचा अस्खलित भाषक २०१० मध्ये निवर्तला आणि जवळजवळ पाच शतकांची परंपरा खंडित झाली.

तर मग जतन म्हणजे काय? ज्या अलगतेने भाषा राखली ती पुन्हा निर्माण करावी, असे कोणी म्हणू शकणार नाही. ती अलगता म्हणजे गरिबी, उपेक्षा आणि बंद वाटा होत्या. भाषेसाठी माणसांना मागे ठेवणे हे जतन नव्हे. दुसरीकडे, प्रगतीसाठी भाषेचा त्याग केलाच पाहिजे हेही सिद्ध झालेले नाही. कोर्लईची मुले पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा सहज बोलत आली आहेत. भाषा टिकायची असेल तर तिचा आधार यापुढे सक्तीची अलगता हा नसून स्वेच्छेची आपुलकी हा असावा लागेल. त्यासाठी वृद्धांच्या कथा व गाणी यांचे ध्वनिमुद्रण, देवनागरी लिपीत सुलभ वाचनसाहित्य, शालेय परिपाठात घरच्या भाषेला थोडी जागा आणि चर्चमधील काही प्रार्थनांत तिचा वापर असे उपाय करता येण्याजोगे आहेत. मात्र त्यांचा निर्णय त्या समाजानेच घेतला पाहिजे. बाहेरच्या अभ्यासकांनी वस्तुसंग्रहालयातील नमुना म्हणून तिच्याकडे पाहिले, तर मुद्रित ध्वनी उरतील, भाषा उरणार नाही.

निष्कर्ष :

१) कोर्लईची 'नॉ लिंग' ही चौल परिसरातील पोर्तुगीज लष्करी व सामाजिक वसाहतीतून निर्माण झालेली, स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे.
२) १७४० नंतर तिचे टिकणे हे पोर्तुगीज सत्तेच्या प्रभावापेक्षा धर्म, जात व भूगोल यांनी निर्माण केलेल्या अलगतेचे आणि चर्चच्या सातत्याचे फलित होते.
३) तिच्यासमोरील धोका दडपशाहीतून नव्हे, तर उपासना, शिक्षण, दळणवळण व रोजगार यांतील इष्ट परिवर्तनातून निर्माण झाला आहे. त्यामुळे त्यासाठी कोणा एकास दोषी ठरवता येत नाही. पण म्हणून कोणाची जबाबदारीही संपत नाही.
४) घटनात्मक तरतुदी असूनही संख्येच्या निकषामुळे अशा भाषा शासकीय नोंदीबाहेर राहतात.
५) जतनाचे प्रयत्न भाषकांच्या प्रगतीच्या आड न येता, त्यांच्या इच्छेने आणि द्विभाषिकतेच्या पायावर व्हावयास हवेत.

कोर्लईच्या किल्ल्यावरील शिलालेख, तट आणि पडके चर्च यांकडे इतिहासाची साधने म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्या किल्ल्याच्या पायथ्याशी रोज बोलले जाणारे एक साधन याहून अधिक बोलके आहे. त्यात पोर्तुगीज सैनिकाचा शब्द आहे आणि कोकणातील कष्टकरी स्त्रीची वाक्यरचना आहे. दगडाची डागडुजी पुढील पिढीही करू शकेल. भाषेबाबत मात्र ही मुभा नसते.